बाप्तिस्म्यानंतरच्या सोमवारचं काय? पाळक आणि पंचांना एक खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब, पंच, आणि शब्बाथ शाळेत व तरुण संघात शिकवणाऱ्या माझ्या भावाबहिणींनो,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

पुढच्या वर्षाचा कार्यक्रम ठरवायला तुम्ही लवकरच बसाल. संजीवन सभा कधी, वक्ते कोण, तरुणांचं शिबिर किती दिवसांचं, दृढीकरणाचा, म्हणजे मुलांना आपला विश्वास स्वतः कबूल करायला तयार करणारा, वर्ग कोणी घ्यायचा, हे सगळं त्या बैठकीत ठरेल. त्याआधी एक गोष्ट तुमच्यासमोर ठेवायची आहे. पाळकसाहेबांच्या खोलीत बसून मी ती खासगीत बोलू शकलो असतो. पण ती एकाच मंडळीची नाही, आणि तिच्यात जितका दोष तुमचा तितकाच माझा आहे. म्हणून उघडपणे लिहितो आहे.

माणूस विश्वासात येईपर्यंत आपण त्याच्या मागे असतो. त्याच्यासाठी उपास करतो, रात्रभर प्रार्थना करतो, त्याच्या घरी जातो. तो पुढे आला, बाप्तिस्मा झाला, फोटो निघाला, की आपण दुसऱ्याकडे वळतो. आता रोज कसं जगायचं हे त्याच्याजवळ बसून कोणी शिकवत नाही. ते त्याला आपोआप जमेल असं आपण धरून चालतो. बावीस वर्षं शब्बाथ शाळेत शिकवून मला एवढं नक्की कळलंय की ते आपोआप जमत नाही.

काही वर्षांपूर्वी संजीवन सभेच्या शेवटच्या रात्री एक मुलगा पुढे आला होता. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. गुडघ्यांवर बसून तो खूप रडला. सभा संपली, लोक पांगले, मी खुर्च्या गोळा करत होतो. तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. डोळे अजून सुजलेलेच होते. म्हणाला, ‘‘सर, आता उद्या सकाळी उठल्यावर मी नेमकं काय करायचं?’’ माझे हात खुर्च्या एकात एक घालण्यात गुंतले होते. ते थांबलेही नाहीत. मी म्हटलं, ‘‘शास्त्र वाचत जा, प्रार्थना करत जा, उपासना चुकवू नकोस.’’ त्याने मान हलवली, चार खुर्च्या उचलून माझ्या हातात दिल्या आणि गेला.

पाच-सहा रविवार तो आला, मागच्या बाकावर बसायचा. मग दिसेनासा झाला. पुढे त्याच्या मित्राकडून कळलं की त्याने खरोखर दुसऱ्याच दिवशी सकाळी शास्त्र उघडलं होतं. पहिल्या पानापासून, कारण कुठून सुरू करायचं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. उत्पत्ती झालं, निर्गम झालं, लेवीयात तो अडकला. होमार्पणं, कुष्ठाचे नियम, काहीच उमजेना. प्रार्थनेला बसला की दोन मिनिटांत शब्द संपायचे. आपल्यातच काहीतरी खोट आहे, देवाने आपल्याला घेतलेलं दिसत नाही, असं त्याने मित्राला सांगितलं होतं. ते ऐकल्यापासून मला माझं त्या रात्रीचं उत्तर टोचतं आहे. एकही शब्द चुकीचा नव्हता. पण पोहता न येणाऱ्याला ‘हातपाय मार’ असं काठावरून ओरडून सांगावं, तसं ते उत्तर होतं.

प्रेषित पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, काय लिहिलं ते आठवा. ‘सुभक्तीविषयी कसरत कर.’ मला हा शब्द फार आवडतो. मूळ ग्रीक क्रियापद व्यायामशाळेतलं आहे. तिथे अंग घामाने निथळतं, पहिल्या आठवड्यात सगळं दुखतं, आणि कोणीतरी शेजारी उभं राहून पाय कुठे ठेवायचा, पाठ कशी धरायची हे दाखवतं. करिंथकरांना लिहिताना तर पौलाने शर्यतच समोर ठेवली. तो करिंथात दीड वर्ष राहिला होता. शहराजवळच इस्थमियाच्या प्रसिद्ध स्पर्धा दर दोन वर्षांनी भरत. जिंकणाऱ्याला पानांचा मुगूट मिळे, थोड्याच दिवसांत सुकून जाणारा. एवढ्यासाठी तो माणूस खाण्यापिण्यावर, झोपेवर, सगळ्यावर ताबा ठेवतो, असं पौल सांगतो, आणि लगेच स्वतःबद्दल बोलतो: मी माझं शरीर कुदलून त्याला दास करून ठेवतो, नाहीतर दुसऱ्यांना घोषणा करून मी स्वतः पसंतीस न उतरलेला ठरेन. इतक्या मंडळ्या उभ्या करणाऱ्या प्रेषिताला ही धास्ती होती. आपल्याला ती वाटत नाही.

आणि प्रभू स्वतः? शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगतो की तो नासरेथात आला आणि आपल्या परिपाठाप्रमाणे शब्बाथ दिवशी सभास्थानात गेला. परिपाठ! देवाच्या पुत्राला परिपाठ होता. मार्क सांगतो की आदल्या संध्याकाळी अख्खं गाव दाराशी जमून गेलं होतं, तरी पहाटे अंधार असतानाच उठून तो एकांतात प्रार्थनेला गेला. शेवटच्या रात्री तो जैतुनांच्या डोंगरावर गेला तेही नेहमीप्रमाणेच. योहान इथे एक गोष्ट सांगतो जी वाचताना माझ्या अंगावर काटा येतो: ती जागा यहूदाला ठाऊक होती, कारण येशू आपल्या शिष्यांबरोबर तिथे वारंवार जात असे. म्हणजे प्रभूची प्रार्थनेची सवय इतकी पक्की होती की धरून देणाऱ्याला त्याला शोधावं लागलं नाही. आज कोणाला आपला शोध घ्यायचा असेल, तर आपण अमुक वेळी प्रार्थनेच्या जागी हमखास सापडू असं कोण सांगू शकेल? मी तरी कित्येक वर्षं सांगू शकलो नसतो.

आता तुमच्यापैकी काही जणांच्या मनात जे येईल ते मला ठाऊक आहे, कारण मीही ते अनेकदा बोललो आहे. ‘‘भाऊ, तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही. नियम घालायला लागलात तर लोकांना पुन्हा नियमशास्त्राखाली न्याल.’’ इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली आठवी आणि नववी ओवी आपल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. ती मीच पाठ करून घेतली आहे. पण आपण दहावीपर्यंत जात नाही. तिथे लिहिलंय की आपण सत्कृत्यं करण्यासाठी ख्रिस्त येशूच्या ठायी निर्माण केलेले आहोत, आणि ती कृत्यं देवाने आधीच योजून ठेवली आहेत. फिलिप्पैकरांना पौल सांगतो की भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, आणि त्याच दमात सांगतो की इच्छा करणं आणि कृती करणं हे तुमच्यामध्ये साधणारा देवच आहे. त्याला या दोन गोष्टींत भांडण दिसलं नाही. शेतात पाऊस पाडणं माणसाच्या हातात नसतं. पण पाऊस येणारच आहे म्हणून कोणी नांगर खोपट्यात ठेवत नाही. उलट येणार म्हणूनच तो जमीन तयार ठेवतो.

पहिल्या शतकांतल्या मंडळीला हे आपल्यापेक्षा जास्त कळत होतं असं मला वाटतं. तिच्या अगदी सुरुवातीच्या एका छोट्या पुस्तिकेत सांगितलंय की प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा, आणि बुधवारी व शुक्रवारी उपास करा. पुढे बाप्तिस्म्याची तयारी लांबत गेली. मंडळीच्या जुन्या शिस्तीची नोंद ठेवणाऱ्या एका लेखनात ती तीन वर्षांची सांगितली आहे, पण त्यात हेही आहे की कोणी मनापासून झटत असेल तर काळ मोजू नका, वागणूक बघा. बाप्तिस्म्याची वेळ आली की त्या माणसाला आणणाऱ्यांना विचारत: याने विधवांचा मान राखला का? आजाऱ्यांना भेटायला गेला का? चांगली कामं केली का? ही साक्ष दुसऱ्याने द्यायची असे. आपण मात्र मुलांना दृढीकरणाच्या वर्गात दहा आज्ञा आणि विश्वासांगीकार घोकायला लावतो, तोंडी परीक्षा घेतो आणि हार घालतो. त्या मुलाने वर्षभरात कोणा आजाऱ्याच्या खाटेशी तासभर बसून पाहिलं का, हे मी एकाही मुलाला कधी विचारलेलं नाही.

इंग्लंडमधला प्रचारक जॉन वेस्ली याच्या मेथडिस्ट चळवळीतला एक प्रसंग मला अलीकडे वारंवार आठवतो. १७४२ साली ब्रिस्टलमध्ये त्यांच्या सभागृहावर कर्ज होतं. कोणीतरी सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. गरिबांचं काय, असा प्रश्न आला तेव्हा सुचवणाराच म्हणाला, अकरा जण मला नेमून द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी घालीन. असे बारा-बारांचे गट झाले. पैसे गोळा करायला घरोघर जाणाऱ्यांना मग दिसायला लागलं की कोण कसा जगतोय. कुठे दारू सुरू झाली आहे, कुठे घरात भांडण आहे, कोण खचला आहे. वेस्लीने ते ऐकलं आणि त्याच्या लक्षात आलं की माणसांची काळजी घेण्याची जी वाट तो शोधत होता ती हीच. पुढे ते बारा जण दर आठवड्याला एकत्र बसू लागले आणि एकमेकांना विचारू लागले, तुझ्या आत्म्याचं कसं चाललंय? मोठी प्रवचनं अनेकांनी दिली. पण ती चळवळ टिकली यात या साध्या, दर आठवड्याच्या, चुकवता न येणाऱ्या भेटींचा वाटा फार मोठा होता.

हे मी पुस्तकातून उचलून तुमच्यावर टाकत नाही. गेली तीन वर्षं आम्ही चौघे जण असे बसतो आहोत. आठवड्यातून एकदा, एक तास. कोणी कोणाचा गुरू नाही. प्रश्न तीनच. या आठवड्यात वचनातलं काय वाचलंस आणि त्यातलं काय केलंस? कोणासाठी वेळ काढलास? कोणाला टाळलंस? उत्तर देताना ‘आपण सगळेच’ म्हणायचं नाही, ‘मी’ म्हणायचं. इथे ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. एवढेच नियम.

तिसऱ्या प्रश्नाने मला धरलं. घराच्या वाटणीवरून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं बिनसलं होतं, आणि नऊ वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. या नऊ वर्षांत दर रविवारी मी लहान मुलांकडून प्रभूची प्रार्थना म्हणून घेत होतो. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ ही ओळ मुलं घाईत गिळतात, म्हणून ती दोनदा म्हणायला लावत होतो. एकदाही माझी जीभ अडखळली नाही. सवयीचा हाही एक धोका आहे, तो मी पुढे सांगतो.

पहिल्या बैठकीत कोणाला टाळलंस असं विचारल्यावर मी भावाचं नाव घेतलं. घेतल्यावर हलकंही वाटलं. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच नाव. तिसऱ्या आठवड्यातही. चौथ्या आठवड्यात नाव घेताना मला लाज वाटली. कोणी काही बोललं नव्हतं, तिघेही नुसते ऐकत होते. पाचव्या आठवड्यात डोकं दुखतंय असं कळवून घरी राहायचा विचार केला, आणि तेव्हा समजलं की ही बैठक नसती तर मी आणखी नऊ वर्षं घरीच राहिलो असतो. त्या संध्याकाळी बैठकीला जायच्या आधी मी भावाला फोन केला. त्याने उचलला नाही. पुढच्या आठवड्यात केला, उचलला नाही. तिसऱ्यांदा वहिनींनी उचलला आणि ‘ते झोपलेत’ म्हणाल्या. साडेतीन महिन्यांनी तो स्वतः बोलला, तब्येतीबद्दल, दोन मिनिटं. वाटणीचा प्रश्न आजही सुटलेला नाही. पण आम्ही बोलतो. हा चमत्कार म्हणून साक्षीच्या वेळी सांगण्यासारखा नाही, कारण यात एका रात्रीत काहीच झालं नाही. दर आठवड्याला कोणीतरी मला विचारत होतं, आणि मला उत्तर द्यावं लागत होतं, एवढंच झालं. तरी यात देवाचा हात नव्हता असं मला कोणी सांगू नये.

याकोब आपल्या पत्रात आरशासमोरच्या माणसाबद्दल लिहितो. आरशात पाहिलं, निघून गेला, आणि आपण कसे होतो हे लगेच विसरला. वचन ऐकून न करणारा तसा असतो. रविवारी दीड तास आपण आरसा धरतो. सोमवारी त्या माणसाला कोणीतरी भेटून ‘काय दिसलं होतं रे?’ असं विचारायला हवं. नाहीतर तो विसरणार. त्यात त्याच्या वाईटपणाचा भाग थोडा आणि माणूसपणाचा जास्त असतो.

धीराबद्दल लिहिलं पाहिजे, कारण सगळ्यात जास्त माणसं इथे गळतात. मंडळीतल्या एका मावशींकडे एक वही आहे. रोज दोन नावं, अशी महिनाभराची यादी. ज्यांची नावं त्या दिवशी असतात त्यांच्यासाठी पहाटे प्रार्थना करायची, आणि त्या दिवसात त्या दोघांसाठी काहीतरी एक करायचं, असा त्यांचा नेम आहे. फोन, एखादी चिठ्ठी, कोणाच्या म्हाताऱ्या आईपाशी बसणं. वही दाखवा म्हटलं तर दाखवली. नावांपुढे तारखा होत्या, बारीक पेन्सिलीने, आणि त्या तारखांना काय केलं त्याचे दोन-दोन शब्द. एका नावापुढे सलग अकरा महिने ‘फोन. उचलला नाही’ असं होतं. मी विचारलं, मावशी, प्रार्थनेत तुम्हाला रोज देवाचं सान्निध्य जाणवत असेल ना? त्या म्हणाल्या, ‘‘कुठलं रे. कित्येक दिवस मनात काहीसुद्धा येत नाही. भिंतीशी बोलल्यासारखं होतं. पण नावं तर असतात ना समोर. ती घ्यायची.’’

हे आपण आपल्या तरुणांना का सांगत नाही? गाण्याच्या वेळी डोळ्यांत पाणी आलं म्हणजे आत्मा आला, आणि नाही आलं म्हणजे काहीतरी बिघडलं, असं त्यांना आपणच नकळत शिकवलंय. गेथशेमाने बागेत प्रभूने तिसऱ्यांदा प्रार्थना केली तेव्हा तेच शब्द पुन्हा म्हटले, असं मत्तय मुद्दाम नोंदवतो. नवे शब्द नव्हते. उत्तरही हवं तसं आलं नाही. तरी तो उठून परत गुडघ्यांवर गेला. लेवीयात अडकलेल्या त्या मुलाला त्या रात्री मी एवढं जरी सांगितलं असतं की पहिल्यांदा मार्क वाच, रोज एकच प्रसंग, शब्द संपले तर प्रभूची प्रार्थना सावकाश म्हण, आणि मन कोरडं वाटलं तरी घाबरू नकोस, आम्हा सगळ्यांनाच तसं होतं, आणि बुधवारी मला भेट! दहा मिनिटंही लागली नसती.

मराठी माणसांपुढे पंडिता रमाबाईंचं नाव घेतलं की त्यांची विद्वत्ता आणि धाडस आठवतं. मला त्यांच्या शेवटच्या वर्षांतलं काम जास्त आठवतं. साध्या बायामाणसांना समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्र आणायचं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. एकीकडे शेकडो मुली-बायकांचं घर चालवायचं, दुसरीकडे शब्द शब्द घेऊन भाषांतर करायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तब्येत ढासळलेली, ऐकू येत नव्हतं. काम थांबवलं नाही. ते हातावेगळं झालं आणि एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या. एवढ्या वर्षांत उत्साहाचे दिवस किती असतील? बाकीच्या दिवशी त्या कशाच्या बळावर मेजाशी बसल्या असतील?

इंग्रज मिशनरी विल्यम कॅरीचंही तसंच. १७९३ मध्ये तो बंगालात उतरला आणि पहिला बाप्तिस्मा १८०० च्या डिसेंबरात झाला, म्हणजे सात वर्षांनी. मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये छापणारा तो हाच. १८१२ च्या मार्चमध्ये सेरामपूरचा छापखाना जळाला, हस्तलिखितं आणि छपाईचे खिळे नष्ट झाले, आणि त्याने पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं. आपल्या हाताशी असलेलं वचन अशा माणसांच्या चिकाटीतून आलं आहे, आणि आपण ते दिवसातून पंधरा मिनिटं उघडायला वेळ नाही म्हणतो.

वेळ नाही हे काही जणांच्या बाबतीत खरंच आहे, ते नाकारून चालणार नाही. तान्हं मूल असलेली आई, रात्रपाळी करणारा, आजारी माणसाची सेवा करणारी सून, यांना पहाटेचा एकांत तास शिकवणं म्हणजे त्यांच्या पाठीवर आणखी एक ओझं. पॅरिसमधल्या एका मठात सतराव्या शतकात बंधू लॉरेन्स नावाचा माणूस स्वयंपाकघरात राबायचा. भांड्यांच्या खडखडाटातही त्याला प्रार्थनेइतकंच देवाचं सान्निध्य होतं, कारण ते ध्यानात धरण्याचा सराव त्याने वर्षानुवर्षं केला होता. शिस्त प्रत्येकाच्या अंगाला बेतून शिवावी लागते. त्यासाठीही जवळ बसणारा कोणीतरी लागतोच. मंचावरून सगळ्यांना एकच माप देता येत नाही.

आणि आता तो धोका. प्रभूच्या एका दाखल्यात आठवड्यातून दोनदा उपास करणारा, सगळ्याचा दशांश देणारा, शिस्तीने जगणारा माणूस मंदिरात उभा राहून म्हणाला, देवा, मी त्या जकातदारासारखा नाही म्हणून तुझे आभार. आपल्या वह्या, आपले नेम, आपले गट यांतून असा माणूस तयार होऊ शकतो. मी स्वतः तसा झालेलो आहे, नऊ वर्षं. यावर मला एकच उपाय दिसतो: शिस्तीची मोजणी प्रार्थनेच्या तासांनी करायची नाही, शेजाऱ्याला त्याचा काय उपयोग झाला याने करायची. मावशींच्या वहीत प्रार्थनेची वेळ कुठेच लिहिलेली नाही. फक्त नावं आहेत आणि केलेली कामं.

तर माझी विनंती. दृढीकरणाच्या किंवा बाप्तिस्म्याच्या यादीत जितकी नावं असतील तितके सोबती आधी शोधा. एका नावामागे एक मोठं माणूस, पुढच्या वर्षभरासाठी, आठवड्यातून एकदा. सोबती मिळेपर्यंत तारीख ठरवू नका, मग ती दोन महिने पुढे गेली तरी चालेल. वर्षाच्या शेवटी अहवालात किती जणांचा बाप्तिस्मा झाला हे वाचतो तसं मागच्या वर्षीच्यांपैकी किती जण अजून कोणाबरोबर तरी चालत आहेत तेही वाचा. आकडा लहान निघेल. निघू द्या.

आणि हे पंचांपासून सुरू व्हावं. बैठकीच्या सुरुवातीला औपचारिक प्रार्थना होते, मग हिशेब. हिशेबाआधी अर्धा तास, तिघा-तिघांनी बसून एकमेकांना ते तीन प्रश्न विचारा. तुम्ही जे स्वतः करत नाही ते आम्ही मुलांकडून करून घेऊ शकणार नाही, मुलांना ते लगेच कळतं. पाळकसाहेब, तुम्हाला विशेष सांगतो, तुम्ही सगळ्यांना भेटता, पण तुम्हाला ‘कोणाला टाळलंस?’ असं विचारणारं कोणी आहे का? नसेल तर आमच्या चौघांत पाचवी खुर्ची ठेवू. तिथे तुम्ही पाळक नसाल.

या वर्षीच्या यादीतली दोन नावं मला द्या. वर्षभर ती माझ्याकडे राहतील, आजारपण सोडून एकही आठवडा चुकवणार नाही असं लिहून देतो.

तिसरं नाव माझ्याकडे आधीपासून आहे. त्या मुलाचा नंबर मित्राकडून मिळवून गेल्या आठवड्यात मी त्याला फोन केला. त्याने ओळखलं. म्हणाला, ‘‘सर, मी आता कुठेच जात नाही.’’ मी म्हटलं, त्यासाठी फोन केला नाही. त्या रात्री तू मला एक प्रश्न विचारला होतास आणि मी त्याचं उत्तर दिलं नव्हतं, ते द्यायचं राहिलंय. तो बराच वेळ गप्प होता. मग ‘बघतो’ म्हणाला आणि फोन ठेवला. बुधवारी मी त्याला पुन्हा फोन करणार आहे.

प्रभूमध्ये तुमचा,
शब्बाथ शाळेचा एक शिक्षक